अकरा वर्षांचा सूर्य आणि कुलाब्याची नोंदवही

बेळगावच्या परिसरातून, किंवा त्याच्या अगदी काठाकाठाने, दीडशे वर्षांच्या आत तीन खग्रास सूर्यग्रहणांचे पट्टे गेले. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे वेध घेण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात दुर्बीण लावून बसले होते, तर दुसरे एक पथक विजापुरास होते. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची छाया विजयदुर्गच्या किनाऱ्यावर उतरली आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून वऱ्हाडाकडे गेली. १६ फेब्रुवारी १९८० रोजी तीच छाया कारवार-अंकोल्याकडून आत शिरून हुबळी, गदग, रायचूर या मार्गाने ईशान्येस गेली. आपला खानापूर-गुंजीचा मुलूख या वेळी तिच्या उत्तर काठाशी होता आणि बेळगाव शहर काठाबाहेर. त्या दुपारी दारे-खिडक्या लावून घरात बसलेली पिढी अजून आपल्यात आहे.

विजयदुर्गाविषयी एक समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे, की हेलियमचा शोध तेथे १८६८ साली लागला. नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होते. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ते आले ते १८९८ साली. तीस वर्षांच्या अंतराची ही दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली. या लेखाचा विषय हेलियम नाही. विषय आहे तो या तीन ग्रहणांतील एका भेदाचा. खग्रास स्थितीत काळ्या चंद्रबिंबाभोवती जे मोतिया तेज दिसते, ज्याला किरीट म्हणतात, ते दर वेळी सारखे नसते. १८६८ साली सूर्यावरील डागांचे चक्र तळ गाठून नुकतेच वर येऊ लागले होते. १८९८ साली ते शिखरावरून खाली उतरत होते. १९८० साली ते जवळजवळ शिखरावर होते, आणि म्हणून त्या वेळचा किरीट चहूबाजूंनी किरण फेकणारा, गोलसर, दाट असा दिसला. तळाच्या काळात हाच किरीट सूर्याच्या विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना लांब पसरतो आणि ध्रुवांपाशी विरळ तुऱ्यांसारखा उरतो. सूर्य तोच, पण त्याचे रूप अकरा वर्षांच्या फेऱ्यात पालटत राहते. हा पालट कशाने होतो, आणि तो मनुष्याच्या ध्यानात येण्यात आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचा वाटा कोणता, हे येथे सांगावयाचे आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होता. तेव्हा कुलाब्याची वेधशाळा ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या इलाख्याचीच वेधशाळा होय.

प्रथम सूर्याकडे वळू. सूर्यबिंबावरील डाग काळे दिसतात ते भोवतालच्या मानाने थंड असल्यामुळे. सूर्यपृष्ठाचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, तर मोठ्या डागाच्या गाभ्याचे चार हजारांच्या आसपास असते. हा थंडावा चुंबकत्वामुळे येतो. डागाच्या जागी चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही हजार पट प्रबळ असते, आणि ते खालून वर येणाऱ्या उष्ण वायूच्या खळखळाटाला अडवून धरते. डाग म्हणजे सूर्याच्या पोटातील चुंबकीय दोर पृष्ठभाग फोडून वर आल्याची खूण. हे १९०८ साली अमेरिकेतील माउंट विल्सन येथे जॉर्ज हेल यांनी सिद्ध केले.

हे दोर कसे वळले जातात? सूर्य हा घन गोळा नाही. त्याचे विषुववृत्त सुमारे पंचवीस दिवसांत एक फेरी पुरी करते, तर ध्रुवांजवळच्या भागाला महिन्याहून अधिक दिवस लागतात. चक्राच्या आरंभी चुंबकीय रेषा ध्रुवापासून ध्रुवापर्यंत बऱ्याचशा सरळ असतात. मधला भाग पुढे धावतो, कडेचे मागे रेंगाळतात, आणि त्या रेषा सूर्याभोवती गुंडाळल्या जाऊ लागतात. काथ्याच्या दोरीला एका टोकाने पीळ देत गेले की शेवटी ती जागोजाग गाठी मारून वर उसळते. तसेच पीळ पुरेसा बसला म्हणजे हे चुंबकीय दोर उसळून पृष्ठावर येतात. आरंभीचे डाग विषुववृत्तापासून दूर, तीस अंशांच्या आसपास दिसतात. पुढे वर्षे जातात तसे नवे डाग विषुववृत्ताकडे सरकत उमटतात. शिखराच्या सुमारास सूर्याचे दोन्ही ध्रुव आपापले चुंबकत्व बदलतात: उत्तरेचा दक्षिण, दक्षिणेचा उत्तर. पुन्हा अकरा वर्षांनी ते मूळपदी येतात. म्हणून डागांचे चक्र अकरा वर्षांचे असले, तरी चुंबकत्वाचे पुरे चक्र बावीस वर्षांचे आहे. हा अकराचा आकडाही सरासरीचा. कधी नऊ वर्षांत, कधी चौदा वर्षांत फेरा पुरा झाल्याची उदाहरणे आहेत.

काही वेळा तर हे चक्र जवळजवळ थांबल्यासारखे होते. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग फारच क्वचित दिसले. आपल्या इतिहासाच्या मापाने सांगायचे तर शिवछत्रपतींच्या तरुणपणापासून राज्याभिषेक, संभाजीराजांची आणि राजारामांची कारकीर्द, औरंगजेबाचा शेवट हा सारा काळ जवळजवळ निष्कलंक सूर्याखाली गेला. या जुळणीतून कोणताही कार्यकारणभाव काढू नये. परंतु सूर्याचा स्वभाव समजण्यासाठी माणसाच्या एका आयुष्याची नोंद पुरत नाही, एवढे मात्र त्यावरून कळते.

आता पृथ्वीवर येऊ. जर्मनीतील डेसाउ गावचे एक औषधविक्रेते, हाइनरिख श्वाबे, यांनी १८२६ पासून दर निरभ्र दिवशी डाग मोजले आणि १८४४ साली डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढते-घटते असे प्रसिद्ध केले. त्याच १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्यास वेधशाळा उभारली. तिचे मूळ काम जहाजांना उपयोगी पडेल असा वेळ आणि आकाशाचे वेध ठेवण्याचे. पुढे गाउस, हुम्बोल्ट, सेबाइन आदी पंडितांच्या प्रेरणेने जगभर चुंबकीय वेधशाळांचे जाळे विणले गेले, आणि १८४१ पासून कुलाब्यालाही लोहचुंबकाच्या नोंदी सुरू झाल्या.

या कामात आरंभापासून मराठी हात होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी कुलाबा वेधशाळेचे काम पाहिले. अलिबागजवळच्या नागावला १८२४ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे हे ऐन तारुण्यात प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे नोकरीस लागले, आणि बराच काळ वेध घेणे व त्यांचे गणित करणे हा त्यांचा व्यवसाय होता. हेच पुढे 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे केरूनाना छत्रे, ज्यांच्यापाशी टिळक गणित शिकले. पंचांग-सुधारणेच्या वादात त्यांनी प्रत्यक्ष वेधाला जे महत्त्व दिले, त्याची तालीम कुलाब्याच्या या वर्षांत झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

काम कसे असे? एक चुंबकपट्टी बारीक धाग्याने टांगलेली. तिच्यावर छोटा आरसा. समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. चुंबक किंचित वळला की आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीचा आकडा सरकतो. तो डोळ्यांनी वाचायचा आणि वहीत लिहायचा, रात्र असो वा दिवस. हे चुंबक स्वस्थ असतानाही रोज थोडे डोलतात. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी वातावरणाचा वरचा थर विद्युद्वाहक बनतो, त्यात प्रवाह वाहू लागतात, आणि खाली टांगलेली सुई हलते. सूर्यावर डाग अधिक, तर अतिनील तेज अधिक आणि सुईचे डोलणेही अधिक. १८५१-५२ च्या सुमारास लामाँट, सेबाइन आणि वुल्फ यांना उमगले ते हेच, की सुईच्या डोलण्याचे चक्र आणि डागांचे चक्र एकच आहे. बंद खोलीत, सूर्याकडे न बघता, केवळ लोहचुंबकाच्या साहाय्याने सूर्याची प्रकृती तपासता येते!

आणि मग १८५९ चा सप्टेंबर आला. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे एक मोठे झुंबड चित्रित करत असताना त्यांना त्यावर दोन झगझगीत ठिपके उमटून काही मिनिटांत विझताना दिसले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीला चुंबकीय वादळाने गाठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या आणि उष्ण कटिबंधातील बेटांवरही आकाश लाल झाले. आपल्याकडे शके १७८१ च्या भाद्रपदाचा शुक्ल पक्ष होता; घरोघरच्या गणपतीचे ते दिवस. २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्याच्या खोलीत चुंबक एकाएकी ढळला. त्या वेळी वेधशाळा लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्याकडे होती. वाचकांनी, म्हणजे आकडे वाचणाऱ्या नोकरांनी, नेहमीची तासातासाची शिस्त सोडून थोड्या थोड्या मिनिटांनी आकडे टिपले. क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले, म्हणजे एकूण क्षेत्राचा पंचविसावा हिस्सा काही वेळापुरता नाहीसा झाला. एरवीच्या मोठ्या वादळात ही घट शंभर ते तीनशेच्या घरात असते.

या नोंदी दीडशे वर्षे पडून होत्या, असे म्हटले तर चूक होणार नाही. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला त्यांचे मोल कळले. युरोपातील अनेक ठिकाणी छायाचित्रण करणारी नवी यंत्रे होती, पण वादळ इतके प्रचंड की रेघ कागदाबाहेर गेली. शिवाय ध्रुवांजवळच्या नोंदींत ध्रुवीय प्रकाशाच्या प्रवाहांची भेसळ होते. विषुववृत्ताच्या जवळ असलेल्या कुलाब्याच्या वहीत मात्र वादळाचा पुरा चढउतार आकड्यांत उतरला होता. आज वीजवाहिन्या, उपग्रह, विमानमार्ग यांचे संरक्षण आखताना 'सर्वांत वाईट काय होऊ शकते' याचे माप म्हणून जो आकडा मुख्यतः पुढे येतो, तो मुंबईतील या डोळ्यांनी टिपलेल्या वाचनांतून आला आहे. ज्यांनी ते टिपले त्यांतील बहुतेकांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर ध्रुवीय प्रकाश प्रत्यक्ष मुंबईतून दिसला आणि मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेशवहन काही तास विस्कळित झाले. कुलाब्याच्या वहीत हेही वादळ आहे.

याच दशकात सौरचक्राला आपल्या प्रदेशात एक वेगळे, कटू वळण मिळाले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने बेळगाव जिल्ह्याचा पूर्व भाग, धारवाड आणि कलादगी, म्हणजे आजचा विजापूर-बागलकोट मुलूख, होरपळून निघाला. घाटमाथ्याच्या पावसाने खानापुराला पुष्कळसे वाचवले. पण पूर्वेकडून आलेले भुकेले लोंढे आपल्या पूर्वजांनी पाहिलेच असतील. १८७७ साली लॉकियर आणि सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम हंटर यांनी 'सौरडाग आणि दुष्काळ' या विषयावर लिहून असा सिद्धांत मांडला, की मद्रासेकडील पाऊस डागांच्या तळाच्या वर्षांत तुटपुंजा होतो आणि दुष्काळ त्याच फेऱ्याने येतात. चक्राचा तळ १८७८ साली होता, त्यामुळे कल्पना पटण्यासारखी वाटली.

ती मांडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नव्हे; दुष्काळाचे भाकीत करता आले तर आधी तरतूद करता येईल, अशी त्यांची आशा होती. परंतु तिच्यात एक सोयही दडली होती. दुष्काळ सूर्यामुळे येतो असे एकदा ठरले की धान्याची निर्यात चालू का राहिली, सारा का वसूल झाला, रिचर्ड टेम्पल यांनी मदतकामावरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्याएवढी का उतरवली, हे प्रश्न आपोआप मागे पडतात. त्याच वेळी पुण्याची सार्वजनिक सभा दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पाठवत होती. तीही नोंदच होती, आकाशाची नव्हे तर माणसांच्या हालांची. एकीकडे सूर्यावरील डागांचे तक्ते, दुसरीकडे उपाशी गावांचे तक्ते. आज मागे वळून पाहता दुसऱ्या तक्त्यांनी सांगितलेले कारण अधिक खरे ठरले.

कारण पहिल्या तक्त्यांचा नियम पुढे टिकला नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आला तो डागांच्या शिखरानंतर दोन-तीन वर्षांनी. १८९९-१९०० चा आला तो तळाकडे जाताना. १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ उताराच्या मध्यावर. सूर्याच्या एकूण तेजात या अकरा वर्षांत होणारा फरक हजारात एक भाग, एवढाच भरतो. मोसमी पावसावर त्याचा काही सूक्ष्म परिणाम आहे काय याचा शोध शास्त्रज्ञ घेत असतात. परंतु या वर्षी डाग कमी म्हणून रोपलावणी उशिरा करावी, असे सांगण्याजोगे त्यात काही नाही. सूर्याचे चक्र मुख्यतः चुंबकत्वाचे आहे, उष्णतेचे नव्हे. त्याची गाठ शेतकऱ्याच्या नांगराशी कमी आणि तारयंत्राशी, आकाशवाणीच्या लघुलहरींशी, उपग्रहांशी अधिक पडते. दुष्काळाच्या या चर्चेतून एक चांगले मात्र निघाले: भारतात सूर्याची नियमित छायाचित्रे घेण्यास चालना मिळाली, आणि १८९९ साली कोडाईकनालला सौर वेधशाळा स्थापन झाली. पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी जी वेधशाळा चालवली होती, तिची दुर्बीणही १९१२ नंतर तिकडे गेली.

कुलाब्याच्या वहीवर विसाव्या शतकाच्या आरंभी संकट आले. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या. त्यांच्या प्रवाहाने चुंबक सतत थरथरत राहिले असते आणि साठ वर्षांची अखंड नोंद तेथेच तुटली असती. संचालक नानाभाई मूस यांनी दूरदृष्टी दाखवून अलिबागची जागा पक्की केली. तेथे चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याची इमारत उभी राहिली. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली, जेणेकरून जुन्या वहीचा शेवटचा आकडा आणि नव्या वहीचा पहिला आकडा एकमेकांशी जुळवता यावा. नंतरच मुंबईत वीज-ट्राम धावली. केरूनानांच्या नागावापासून जवळच ही वेधशाळा आली, आणि तेथे आजही काम चालू आहे. १८४१ पासूनची ही साखळी सौरचक्राच्या सोळाहून अधिक फेऱ्यांची साक्षीदार आहे. इतकी लांब चुंबकीय नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

चालू चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ च्या सुमारास शिखरास पोचले. १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून रात्रीचे आकाश लालसर झालेले टिपले गेले. त्यापूर्वी, २ सप्टेंबर २०२३ रोजी, भारताचे आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'ने सिद्ध केली आहे. किरीट पाहण्यासाठी आता जमखंडी-विजयदुर्गला काही मिनिटांची वाट पाहावी लागत नाही. यानावरील उपकरण कृत्रिम ग्रहण घडवून तो दिवसेंदिवस पाहते. २ सप्टेंबर ही तारीख कुलाब्याच्या वादळाचीच, हा निव्वळ योगायोग. पण सुखद योगायोग.

या इतिहासातून आपल्यासारख्या जुन्या घरांना करता येण्याजोगे एक काम उरते. चीन-जपानातील खाजगी रोजनिश्यांतून 'अमुक रात्री उत्तरेकडे आकाश तांबडे झाले' अशा ओळी शोधून शास्त्रज्ञांनी जुन्या वादळांची व्याप्ती ठरवली आहे. मराठी घरांतील कागदपत्रे या दृष्टीने अद्याप फारशी चाळली गेलेली नाहीत. खानापूर, बेळगाव, निपाणीकडील वाड्यांतून इनामाच्या सनदा, जमाखर्चाच्या वह्या, जुनी पंचांगे अजून पेट्यांत आहेत. पंचांगाच्या कडेला पाऊस, धूमकेतू, ग्रहण, भूकंप यांची टिपणे करण्याची आपल्या लोकांना सवय होती. ४ फेब्रुवारी १८७२ म्हणजे शके १७९३ चा पौष वद्य पक्ष. दशमी-एकादशीच्या सुमाराची, चंद्र उशिरा उगवणारी काळोखी संध्याकाळ. ऋतू हिवाळ्याचा, आकाश बहुधा स्वच्छ. मुंबईत जे दिसले ते घाटमाथ्यावरून कोणी पाहिले काय, आणि पाहिले असल्यास शकुन-अपशकुन म्हणून का होईना, लिहून ठेवले काय? ज्यांच्या घरी त्या वर्षाचे कागद असतील त्यांनी ते वाळवीच्या आधी एकदा उलगडून पाहावेत. मिळाली तर एक ओळही पुरे आहे. तारीख, दिशा आणि रंग एवढे तीत असले म्हणजे झाले.